जुना लॅपटॉप मुलांच्या हाती देण्यापूर्वी

शाळेत जाणाऱ्या मुलामुलींसाठी संगणक ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. २०२० च्या टाळेबंदीत शाळा मोबाईलवर आल्या, तेव्हापासून हा प्रश्न घरोघर उभा आहे. भवानीनगर हे साखर कारखान्याचे गाव. उसाचे बिल जमा झाले की बाजार हलतो, आणि दुकानदार, शिलाईवाले, गॅरेजवाले यांच्या हातीही चार पैसे येतात. पण नवा लॅपटॉप तरीही अनेकांच्या आवाक्याबाहेर राहतो. मग बारामतीहून किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीतून वापरलेला लॅपटॉप घरी येतो. यात गैर काहीच नाही. मात्र वापरलेला कोट अंगात घालण्यापूर्वी आपण जसा धुऊन, खिसे उलटे करून पाहतो, तसाच हा लॅपटॉपही मुलाच्या हाती देण्यापूर्वी साफ केला पाहिजे. ते कसे करावे, हे आम्ही येथे क्रमाने सांगत आहोत.

धोका कोठून येतो?

स्वस्तात विकल्या जाणाऱ्या लॅपटॉपमध्ये बऱ्याचदा चोरीची विंडोज भरलेली असते. ती चालू करण्यासाठी जो 'अ‍ॅक्टिव्हेटर' वापरतात, त्याच्या पोटातून व्हायरस आत शिरतो. तीच गत फुकटात मिळालेल्या टॅलीची, फोटोशॉपची आणि उर्दू टायपिंगसाठी हातोहात फिरणाऱ्या इनपेजच्या नकली प्रतींची. आपोआप जाहिराती उघडणे, काही काम नसताना पंखा जोरात फिरणे, अँटिव्हायरस बंद पडलेला असणे आणि पुन्हा चालू न होणे, ही त्याची लक्षणे होत. पण सगळ्यात घातक प्रोग्राम कोणतेच लक्षण दाखवत नाही. तो ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड गुपचूप उचलतो आणि बाहेर पाठवतो.

येथे व्यापारी बांधवांनी विशेष लक्ष द्यावे. आपल्या घरात मुलाचा लॅपटॉप फक्त मुलाचा राहत नाही. रात्री त्यावरच जीएसटीचे रिटर्न भरले जाते, बँकेचे खाते पाहिले जाते. म्हणजे धोका मुलाच्या अभ्यासाला आहे तसाच दुकानाच्या गल्ल्यालाही आहे. मोठ्या संस्थाही यातून सुटलेल्या नाहीत. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या यंत्रणेत असाच घातकी प्रोग्राम घुसवून सुमारे ९४ कोटी रुपये पळवले गेले. देशोदेशीच्या एटीएममधून एकाच वेळी रोकड काढण्यात आली. जेथे तज्ज्ञ माणसे नेमलेली होती तेथे हे घडले, मग आपण बेफिकीर राहून कसे चालेल?

खरेदी करताना

विक्रेत्याचे नाव-पत्ता असलेले बिल जरूर घ्यावे. चोरीचा माल निघाला तर तेच आपल्या बचावाला येते. लॅपटॉप चालू करून दाखवण्यास सांगावे. सुरू होतानाच पासवर्ड मागत असेल, किंवा पडद्यावर एखाद्या कंपनीचे नाव येऊन तिच्या खात्याने लॉगिन करण्यास सांगत असेल, तर तो घेऊ नये.

विंडोज १० ची सर्वसाधारण मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विंडोज ११ साठी इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते. इतके असेल तर उत्तमच. नसेल तरी लॅपटॉप फुकट गेला असे नाही, त्याचा उपाय पुढे दिला आहे.

घरी आणल्यावर पहिला नियम असा की साफसफाई होईपर्यंत त्याला घरच्या किंवा दुकानाच्या वायफायला जोडू नये, आपला पेनड्राइव्ह त्यात घालू नये आणि त्यावर कोणतेही खाते उघडू नये.

नुसता अँटिव्हायरस पुरत नाही

पुष्कळांना वाटते की एक अँटिव्हायरस चालवला म्हणजे काम झाले. असे नाही. ज्या प्रोग्रामला एकदा मालकाचे हक्क मिळाले, तो अँटिव्हायरसलाही फसवू शकतो. ज्याच्याशी संधान आहे त्याच चौकीदाराला चोर शोधायला सांगण्यासारखे ते आहे. म्हणून जुने सगळे पुसून नव्याने भरणे हाच पक्का मार्ग.

त्यासाठी किमान ८ जीबीचा कोरा पेनड्राइव्ह आणि खात्रीचा दुसरा संगणक लागतो. त्या संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या वेबसाइटवरून 'मीडिया क्रिएशन टूल' घेऊन पेनड्राइव्ह तयार करावा. यात कित्येक जीबी डेटा लागतो. मोबाईलच्या रोजच्या पॅकमध्ये हे भागत नाही, म्हणून जेथे ब्रॉडबँड असेल तेथे हे काम उरकावे. मग जुना लॅपटॉप त्या पेनड्राइव्हवरून सुरू करावा आणि डिस्कचे जितके भाग दिसतील तितके सगळे काढून टाकून रिकाम्या जागेत विंडोज भरावी. लॅपटॉपसोबत अस्सल विंडोज आलेली असेल, तर किल्ली विचारल्यावर 'माझ्याकडे किल्ली नाही' हा पर्याय निवडावा. इंटरनेट जोडल्यावर तो परवाना बहुधा आपोआप ओळखला जातो. ओळखला नाही, तर पुन्हा अ‍ॅक्टिव्हेटरच्या वाटेला जाऊ नये, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात जाईल.

जुन्या डिस्कवर आधीच्या मालकाचे फोटो, कागदपत्रे सापडली तर ती पाहू नयेत. ती परक्याची अमानत आहे, पुसून टाकावी. आपला लॅपटॉप विकतानाही तो पूर्ण पुसूनच द्यावा.

आणखी एक गोष्ट. लॅपटॉपमध्ये जुनी फिरणारी हार्डडिस्क असेल, तर ती काढून एसएसडी बसवावी. जुनी डिस्क गेली म्हणजे तिच्यावरची घाणही गेली, आणि मंद चालणारा लॅपटॉप झटपट काम करू लागतो. जुन्या लॅपटॉपवर खर्च करायचाच, तर पहिला पैसा येथे घालावा.

विंडोज ११ न चालणाऱ्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट भरावे. ते फुकट आहे आणि कायदेशीरही आहे. लिहिणे, वाचणे, हिशेब, इंटरनेट ही शाळेची सगळी कामे त्यावर होतात.

गल्ल्याची किल्ली मुलाकडे नको

नवी विंडोज भरल्यावर आधी सगळे अपडेट होऊ द्यावे. विंडोजसोबत येणारा डिफेंडर चालू ठेवावा, एकावर एक दोन अँटिव्हायरस घालू नयेत.

यानंतरचे काम सर्वांत महत्त्वाचे. लॅपटॉपवर दोन खाती करावीत. वडिलांचे किंवा आईचे 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' खाते पासवर्डसह, आणि मुलाचे 'स्टँडर्ड' खाते. दुकानातला नोकर कितीही इमानदार असला तरी त्याच्याकडे ठाण दाखवण्याचे काम असते, तिजोरीची किल्ली नसते. तसेच हे. मुलाने चुकून घातकी फाइल उघडली, तरी पालकांच्या पासवर्डाशिवाय तिला यंत्रणेत खोलवर हात घालणे अवघड जाते. पासवर्ड मात्र मुलाला सांगू नये. रोज मागतो म्हणून एकदा सांगितला की दोन खाती करून उपयोग राहिला नाही.

मायक्रोसॉफ्टच्या 'फॅमिली सेफ्टी' सोयीने वेळेची मर्यादा घालता येते आणि वाईट साइट अडवता येतात. तिची साइटची चाळणी फक्त एज ब्राउझरमध्ये चालते, म्हणून मुलाच्या खात्यात दुसरे ब्राउझर बंद ठेवावेत. शिवाय नेटवर्कच्या सेटिंगमध्ये डीएनएसच्या जागी १.१.१.३ आणि १.०.०.३ हे क्रमांक इंग्रजी आकड्यांत घालावेत. क्लाउडफ्लेअर कंपनीची ही विनामूल्य सोय व्हायरसच्या आणि अश्लील साइट बऱ्याच प्रमाणात अडवते. ती लिनक्सवरही चालते.

फाइलच्या नावाचे शेपूट दिसेल अशी सोय चालू करावी. 'गणित डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई' असे नाव असेल तर ते पुस्तक नव्हे, प्रोग्राम आहे, हे मुलाला शिकवावे. फुकट गेम आणि गेमचे फुकट पैसे देणाऱ्या साइट हेच मुलांसाठी लावलेले सापळे असतात. अभ्यासासाठी चोरीच्या मालाची गरजच नाही. बालभारतीची मराठी आणि उर्दू माध्यमाची पुस्तके तिच्या वेबसाइटवर विनामूल्य मिळतात, कार्यालयीन कामाला लिब्रे ऑफिस आहे, आणि मराठी व उर्दू टायपिंगची सोय विंडोजमध्येच आहे. नस्तालिक अक्षरांसाठी गूगलचा नोटो नस्तालिक हा फाँट मोफत आहे.

बँक आणि जीएसटीचे काम मुलाच्या खात्यातून कधीही करू नये. दुसरे यंत्र असेल तर तेच वापरावे. पैसे गेल्याचे कळताच १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा. जितका उशीर तितकी रक्कम थांबवणे कठीण.

हुन्नर ओळखा

जाता जाता कारागीर बांधवांसाठी दोन शब्द. १९८६ साली लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या दोन भावांनी आपल्या प्रोग्रामची चोरी होऊ नये म्हणून 'ब्रेन' तयार केला, तो पीसीवरील पहिला व्हायरस ठरला. इकडे पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केलेल्या कैलास काटकर यांनी भाऊ संजय यांच्यासह १९९० च्या दशकात अँटिव्हायरस काढला. तीच क्विक हील कंपनी. २०१६ मध्ये तिचे शेअर बाजारात आले. दुरुस्तीच्या टेबलावर बसणाऱ्याला लोकांची अडचण आधी दिसते, ती अशी.

आपल्या गावातही मोबाईल दुरुस्तीची दुकाने आहेत. तेथे बसणाऱ्या तरुणांनी अ‍ॅक्टिव्हेटर भरून देणे सोडून स्वच्छ लॅपटॉप बिलासह तयार करून देण्याचे काम हाती घेतले, तर त्यांनाही रोजगार मिळेल आणि पालकांची काळजीही मिटेल. आणि पालकांनी एवढे जरूर करावे की लॅपटॉप बंद खोलीत न ठेवता बैठकीत ठेवावा, आणि मूल काय शिकले हे रोज त्याच्याकडूनच विचारून घ्यावे. चुकून काही उघडले गेले तर मुलाने न घाबरता घरात सांगितले पाहिजे. मार बसेल या भीतीने लपवलेली गोष्ट व्हायरसपेक्षा जास्त नुकसान करते.