पिल्लू कुठल्या जातीचं? आधी ऊब, मग नाव



मी प्राणिशास्त्रात पीएच.डी. करते हे कळल्यापासून आमच्या नेरूळच्या सोसायटीत मला कुठल्याही प्राण्याबद्दल विचारलं जातं. माझं काम खाडीतल्या माशांवर आहे, पण ते कोण लक्षात ठेवतंय! डिसेंबरातल्या एका संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या काकू आणि त्यांचा मुलगा बुटांचा खोका घेऊन आले. आत स्टेशनबाहेरून घेतलेली कोंबडीची सहा पिल्लं: तीन गुलाबी, दोन हिरवी, एक काळं. "ताई, ही कुठल्या जातीची? काळं कडकनाथ आहे असं तो विकणारा म्हणत होता."

मी खूश. टॉर्च काढला, फोटो काढले, वहीत तक्ता आखला. दीड तास हे चाललं. पिल्लं जोरजोरात चिवचिवत होती, मला वाटलं भुकेली असतील. त्यांना दाणे टाकून खोका रात्री गॅलरीत ठेवायला सांगितला. सकाळी दोन पिल्लं मेलेली होती.

भुकेनं नाही, थंडीनं. त्या रात्री मी दोन चुका केल्या. एक पिल्लं ठेवण्यातली आणि एक जात ओळखण्यातली. संशोधनाची तयारी करणाऱ्यांना दोन्ही उपयोगी पडतील, म्हणून हा लेख.

रंगावरून जात का कळत नाही?

गुलाबी-हिरवा रंग तर बाहेरून लावलेला, तो सोडून देऊ. पण खरी लवसुद्धा फसवते.

पिवळं पिल्लू घ्या. ते व्हाइट लेगहॉर्नचं असू शकतं, ब्रॉयलरचं असू शकतं, किंवा तपकिरी अंडी देणाऱ्या संकरित वाणातला नर असू शकतो. शेवटचं उदाहरण नीट समजून घ्या. पक्ष्यांमध्ये मादी झेड-डब्ल्यू आणि नर झेड-झेड असतो. म्हणजे कोंबडी आपलं झेड गुणसूत्र फक्त मुलग्यांना देते. मुलींना झेड मिळतं ते कोंबड्याकडून. म्हणून 'सोनेरी' जनुकाचा कोंबडा आणि 'चंदेरी' जनुकाची कोंबडी यांची पिल्लं अंड्यातून बाहेर येतानाच वेगळी दिसतात: माद्या तांबूस, नर फिके पिवळे. हॅचरीत याच रंगावरून नर-मादी वेगळे करतात. ही युक्ती माहीत नसलेला माणूस म्हणेल, "इथे दोन जाती आहेत." प्रत्यक्षात ती सख्खी भावंडं असतात!

पाठीवर गडद पट्टे असलेलं पिल्लूही असंच. हे पट्टे मूळ रानकोंबडीच्या पिल्लातही असतात आणि कितीतरी गावठी पिल्लांतही दिसतात. त्यावरून जात ठरत नाही.

मग बघायचं काय?

रंगाने न बदलणारी लक्षणं बघायची.

तुरा: एकेरी, गुलाबतुरा की वाटाणातुरा, हे लहान पिल्लातही नीट पाहिल्यास ओळखता येतं. असीलचा तुरा वाटाण्यासारखा असतो. विल्यम बेटसन यांनी 1902 मध्ये मेंडेलचे नियम प्राण्यांनाही लागू होतात हे दाखवलं, ते कोंबड्यांच्या तुऱ्यासारख्या लक्षणांवरूनच.

मान: उघड्या मानेच्या कोंबडीच्या पिल्लाची मान पहिल्या दिवसापासून उघडी दिसते.

पाय: बोटं चार की पाच, नळीवर पिसं आहेत का, नळीचा रंग कोणता.

कातडी आणि जीभ: कडकनाथमध्ये काळेपणा लवेपुरता नसतो, कातडीत आणि आतल्या अवयवांतही असतो. ऑस्ट्रेलॉर्पचं पिल्लूही काळं दिसतं, पण पोटाकडे फिकं असतं. मात्र इथेही सावध राहा. कडकनाथच्या संकरातली पिल्लंही बरीच काळी निघू शकतात. म्हणजे जीभ गुलाबी असेल तर "कडकनाथ नाही" असं बऱ्यापैकी ठामपणे म्हणता येतं, पण काळी असली म्हणून "शुद्ध कडकनाथ" म्हणता येत नाही. एखादं लक्षण शक्यता खोडायला उपयोगी असतं, सिद्ध करायला नसतं. हा फरक तुमच्या कुठल्याही विषयात लागू पडेल.

वजन: एक दिवसाचं पिल्लू साधारण 40 ग्रॅमचं असतं, ब्रॉयलर असो की लेयर. चांगलं खाद्य मिळालं तर आठवड्यात ब्रॉयलर चौपटीच्या आसपास जातं, लेयर दुपटीच्याही आत राहतं. स्वयंपाकघरातला वजनकाटा इथे डोळ्यांपेक्षा जास्त सांगतो.

तक्त्यात दोन रकाने हवेत

माझ्या तक्त्यात पहिलाच रकाना होता 'जात'. ही चूक. एकदा तिथे 'कडकनाथ?' लिहिलं की ते प्रश्नचिन्ह हळूहळू गळून पडतं. आता मी दोन रकाने ठेवते. 'दिसलं काय' यात फक्त निरीक्षण आणि तारीख. 'वाटतं काय' यात अंदाज, कारण आणि खात्री किती. पहिला रकाना नंतर बदलायचा नाही, दुसरा कितीही वेळा बदला. पिल्लांना नंबर द्या, जातीवरून नावं देऊ नका. पायात सैल कडी घाला, आणि पिल्लू वाढेल तशी ती बदला, नाहीतर पायात रुतते.

जात खात्रीने हवीच असेल तर ती पिल्लाच्या अंगावर शोधू नका, त्याच्या आई-बापांच्या नोंदीत शोधा. म्हणून अभ्यासासाठी पिल्लं घेताना नोंदी ठेवणाऱ्या सरकारी किंवा विद्यापीठाच्या केंद्राकडून घ्यावीत. मुंबईत आरे कॉलनीत केंद्र सरकारची कुक्कुट विकास संस्था आहे. आणि प्रयोग करायचा असेल तर आधी आपल्या संस्थेच्या प्राणी-नीतिमत्ता समितीची परवानगी घ्या.

घर मात्र लगेच हवं

नाव दोन आठवड्यांनी कळलं तरी चालतं. ऊब दोन तासही थांबत नाही. पिल्लाच्या पोटात बलकाचा उरलेला भाग असतो, त्यावर ते दोन-तीन दिवस तग धरतं. पण स्वतःचं तापमान सांभाळणं त्याला सुरुवातीला नीट जमत नाही. ती जोराची चिवचिव 'भूक' नव्हती, 'गारठलो' होती.

पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीवर 33 ते 35 अंश सेल्सिअस हवेत, पुढे दर आठवड्याला 2-3 अंश कमी करत जायचं. चार-पाच पिल्लांना मोठा पुठ्ठ्याचा खोका आणि 60 वॉटचा जुना तारेचा बल्ब पुरतो. एलईडी पुरेशी ऊब देत नाही. बल्ब खोक्याच्या एका टोकाला, तारेने पक्का बांधलेला, पुठ्ठा आणि तुसापासून लांब, नाहीतर आग लागते. दुसरं टोक थंड ठेवा, म्हणजे पिल्लू स्वतः जागा निवडेल. बल्बखाली गठ्ठा झाला तर थंडी आहे. चोच उघडून लांब पळाली तर गरम होतंय. सगळी एकाच बाजूला गेली तर वारा लागतोय. विखरून बसली की बरोबर.

खाली भाताचं तूस घाला. नुसत्या गुळगुळीत वर्तमानपत्रावर पाय फाकतात. कोपरे पुठ्ठा वाकवून गोल करा, कारण कोपऱ्यात एकमेकांवर चढून पिल्लं गुदमरतात. पाण्याची ताटली उथळ ठेवा आणि तिच्यात खडे टाका. तूस ओलं झालं की बदला. आपल्याकडच्या दमट हवेत ओल्या तुसात रक्ती हगवणीचे जंतू फोफावतात.

नवी मुंबईत घुशी, मांजरं आणि कावळे यांची कमतरता नाही. षटकोनी मोठ्या भोकांची कोंबडीजाळी कोंबडीला आत ठेवते, उंदराला बाहेर ठेवत नाही. सव्वा सेंटीमीटर किंवा त्याहून बारीक जाळी लावा, वरूनसुद्धा. पिल्लांना हात लावल्यावर साबणाने हात धुवा, लहान मुलांनी तर नक्कीच.

पुढे काय झालं?

दोन आठवड्यांत उरलेल्या चार पिल्लांना खरी पिसं फुटू लागली. दोन गुलाबी पिल्लं पांढरी झाली: एकेरी तुरा, पिवळे पाय, सावकाश वाढणारं वजन. बहुधा लेयर वाणातले, अंडी देणार नाहीत म्हणून हॅचरीने काढून टाकलेले नर. हिरव्याच्या पांढऱ्या पंखांवर तांबूस पिसं आली. काळ्याच्या डोक्यावरचा फिका ठिपका मी पहिल्याच दिवशी पाहिला होता, पण 'कडकनाथ?' लिहिण्याच्या नादात नोंदवला नव्हता. त्याची जीभही गुलाबी होती. आता त्याला पट्टेरी पिसं आली. म्हणजे पट्टेरी जनुक आहे एवढं नक्की. प्लायमाउथ रॉक की संकर, ते सांगता येत नाही. वहीत तसंच लिहिलंय.

पाचव्या आठवड्यात काकूंनी त्यांना पनवेलजवळ माहेरी नेलं. मी एकच अट घातली: लसीचा इतिहास माहीत नाही, तेव्हा तिथल्या कोंबड्यांत महिनाभर मिसळायची नाहीत आणि पशुवैद्यांना विचारून राणीखेतची लस द्यायची.

मुलाने जाताना विचारलं, "मग मेलेली दोन कुठल्या जातीची होती?" मी वही उघडली. नंबर पाच आणि सहा. 'दिसलं काय' या रकान्यात रंग सोडून काहीच नव्हतं, आणि वरून दिलेला तो रंग होता. त्याला म्हटलं, "नाही सांगता येणार रे."