रेल्वे न पोहोचलेली काउंटी

अमेरिकेतील इलिनॉय राज्याची कॅल्हून काउंटी, म्हणजे स्वतःचे न्यायालय व निवडून आलेले मंडळ असलेला प्रशासकीय विभाग, पश्चिमेस मिसिसिपी आणि पूर्वेस इलिनॉय या नद्यांच्या बेचक्यात वसली असून, दक्षिणेस ग्राफ्टनजवळ या नद्यांचा संगम होत असल्याने तिची जमिनीवरील सीमा केवळ उत्तरेला आहे. १८२५ मध्ये पाइक काउंटीतून ती वेगळी काढली गेली आणि तिला जॉन सी. कॅल्हून यांचे नाव देण्यात आले; पुढे गुलामगिरीचा कट्टर कैवारी ठरलेला हा पुढारी गुलामगिरीला मनाई असलेल्या राज्याच्या नकाशावर कायमचा राहिला, हा इतिहासाचा विनोदच म्हणावा लागेल. मुख्य ठाणे १८४७ मध्ये हार्डिनला हलले.

रेल्वेने मध्य-पश्चिमेतील गावांचे भवितव्य ठरवले त्या काळातही या काउंटीत रूळ आले नाहीत, आणि म्हणूनच तिला मागास समजण्याची प्रथा पडली. हा समज अर्धाच खरा आहे. वाऱ्याने वाहून आणलेल्या बारीक मातीचे, म्हणजे लोएसचे, थर असलेल्या टेकड्यांवर पाणी साचत नसल्याने सफरचंदाच्या बागा बहरल्या, पिंपांत भरलेली फळे वाफेच्या बोटींनी सेंट लुईसच्या बाजारात जाऊ लागली आणि जर्मन कॅथलिक वसाहतकऱ्यांची गावे चर्चभोवती वाढली.

इलिनॉय नदीवर पूल आला तो १९३१ मध्ये. हार्डिनच्या या जो पेज पुलाचा मधला गाळा दोन मनोऱ्यांमधून सरळ वर उचलला जातो आणि खालून मालवाहू नौका जातात. ब्रसेल्स व कॅम्प्सव्हिल येथे मात्र आजही फेरीबोटीच चालतात: वाहने उभी राहतात ती सपाट बार्जवर, आणि तिला रेटणारी टग, म्हणजे लहान पण ताकदवान बोट, एका कडेला बिजागरीसारखी जोडलेली असल्यामुळे, काठ गाठल्यावर बार्ज न वळवता केवळ टग फिरवून परतीचा प्रवास सुरू करता येतो.

नद्यांची खरी पारख पुरात होते. १९९३ च्या महापुरात हार्डिनचा सखल भाग पाण्याखाली गेला आणि पूर्व काठावरील नटवुडचा बांध फुटल्याने पुलाकडे जाणारा रस्ता बुडाला. २०१९ मध्येही या बांधावरून पाणी गेले आणि पूल शाबूत असूनही निरुपयोगी ठरला. पुराने फेरीबोटीही थांबतात, तेव्हा बाहेर पडण्यासाठी उत्तरेकडचा लांबचा रस्ताच तेवढा उरतो.

२०२० च्या जनगणनेत काउंटीची लोकसंख्या ४,४३७ भरली. विसाव्या शतकाच्या आरंभी ती याच्या सुमारे दुप्पट होती. ब्रसेल्स व कॅम्प्सव्हिलच्या फेरीबोटी मात्र राज्याचा परिवहन विभाग आजही विनामूल्य चालवतो.