रतलामचं गटार आणि आपलं

हॉस्टेलच्या मागच्या बोळातला चेंबर आठवतोय ना? गेल्या जुलैत तो तुंबला आणि तीन आठवडे मैलापाणी रस्त्यावरून वाहत होतं. मेसला जाताना आपण सगळे विटांवरून उड्या मारत होतो. शेवटी आम्ही चौघं तक्रार घेऊन गेलो. तिथल्या साहेबांनी दोन उत्तरं दिली. एक, फंड नाही. दोन, "राहायला आलात तेव्हा बोळ बघितला नव्हता का?"

दुसरं उत्तर ऐकून मी गप्पच बसलो. पण मग एन्व्हायर्नमेंटल स्टडीजच्या पुस्तकात (हो, तोच विषय, जो आपण पेपरच्या आदल्या रात्री उघडतो) रतलामची केस सापडली. तिथल्या नगरपालिकेने हीच दोन उत्तरं दिली होती, आणि तीही थेट सुप्रीम कोर्टात!

रतलाम म्हणजे मध्य प्रदेशातलं, मुंबई-दिल्ली लाइनवरचं मोठं जंक्शन. तिथल्या एका वॉर्डातून उघडी गटारं वाहायची, मद्याच्या कारखान्याचं घाण पाणी रस्त्यावर यायचं, आणि संडासच नसल्यामुळे झोपडपट्टीतली माणसं गटाराकाठी बसायची. डास तर विचारूच नका. 1972 मध्ये रहिवासी उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे गेले. त्यांनी नगरपालिकेला ठराविक मुदतीत योजना आखून घाण हटवायचा आदेश दिला. सेशन्स कोर्टाने तो रद्द केला, हायकोर्टाने पुन्हा उचलून धरला, आणि पालिका सुप्रीम कोर्टात गेली.

आता गंमत अशी की रहिवाशांनी काही मोठा घटनात्मक दावा लावला नव्हता. त्यांच्या हातात होतं फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 133, म्हणजे सार्वजनिक उपद्रव दूर करायचं कलम. इंग्रजीत पब्लिक न्यूसन्स. शाळेत सिस्टर मला वर्गातला न्यूसन्स म्हणायच्या, त्यामुळे शब्द ओळखीचा होता. नगरपालिकाही न्यूसन्स ठरू शकते हे मात्र नवीन होतं.

29 जुलै 1980 ला न्यायमूर्ती कृष्ण अय्यर आणि चिन्नप्पा रेड्डी यांच्या खंडपीठाने निकाल दिला. सार्वजनिक आरोग्य राखणं हे पालिकेचं कायद्याने ठरलेलं काम आहे, पैसे नाहीत म्हणून ते टाळता येणार नाही. लोक स्वतःहून तिथे राहायला आले, हा युक्तिवादही चालला नाही. वर्षभरात गटारं आणि सहा महिन्यांत सार्वजनिक संडास बांधा, कारखान्याचं पाणी रस्त्यावर येणं थांबवा, असे आदेश निघाले. डासांसाठी मलेरिया खात्यालाही कामाला लावलं. आणि ऐकलं नाही तर? सरकारी हुकूम मोडल्याबद्दल शिक्षेचं कलम तयारच होतं.

मला यात सगळ्यात आवडलं ते हे की कोर्टाने 'बघा, विचार करा' असं म्हटलं नाही. काम सांगितलं आणि मुदत सांगितली. आपल्याला सबमिशनची देतात तशी, फक्त एक्स्टेन्शनची सोय कमी!

1 जुलै 2024 पासून जुनी संहिता गेली. कलम 133 ची तरतूद आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 मध्ये आहे. अर्ज करायचा तो प्रांतांकडे किंवा दुसऱ्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे. ते आधी सशर्त आदेश काढतात, म्हणजे अमुक तारखेपर्यंत उपद्रव दूर करा, नाहीतर समोर येऊन हरकत सांगा. त्यामुळे अर्जात नुसतं 'खूप वास येतो' लिहून भागत नाही. कुठला चेंबर, कुठल्या तारखेपासून, पाणी कुठवर येतं, आधीच्या तक्रारींच्या पोचपावत्या, फोटो, असं सगळं लागतं. (आपल्याला साइट रिपोर्ट लिहायची सवय आहेच, तो इथे उपयोगी पडला.)

चेंबर तेव्हा उपसला, पण पाइप तोच आहे आणि पावसाळा परत येणार. म्हणून 43 सह्या घेऊन अर्ज प्रांत ऑफिसात दिलाय. आवकचा शिक्का मारलेली प्रत माझ्याकडे आहे. ज्यांच्या मोबाइलमध्ये जुलैचे फोटो असतील त्यांनी तारखेसकट मला आणून द्या, सुनावणीला लागतील.