मेमो कुणाच्या नावानं फाटणार?

आपल्या वाहन नियमांत सायकलच्या हेल्मेटचा उल्लेख आहे. पण तो सायकलवाल्यासाठी नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली. नऊ महिने ते चार वर्षं वयाचं मूल मोटरसायकलवर मागे बसवायचं असेल, तर त्याच्या डोक्याला नीट बसणारं हेल्मेट हवं; ते सायकलचं असलं तरी चालेल. सोबत मुलाला चालकाशी बांधून ठेवणारा पट्टा हवा आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर नको. वर्षभरानं नियम लागू झाला.

आता संध्याकाळी बडोद्याच्या लहरीपुरा दरवाज्यापाशी या. जुन्या कोटाच्या चार दरवाज्यांपैकी हा पश्चिमेचा. एका अंगाला न्यायमंदिर आणि सूरसागर, आतल्या अंगाला मांडवीकडे जाणारा रस्ता, आणि मधे मंगळ बाजाराची गर्दी. समजा, त्या गर्दीत एक स्कूटर अडकली आहे, मागे आईच्या मांडीवर तीन वर्षांची मुलगी. शेजारीच एक काळी सायकल, तिच्या दांडीवर टॉवेल गुंडाळून त्यावर बसवलेला तेवढ्याच वयाचा मुलगा. पहिल्या लेकराच्या डोक्याची काळजी कायद्यानं घेतली आहे, दुसऱ्याची घेतलेली नाही. गंमत अशी, की पहिल्या लेकराला चालणारं जे हेल्मेट कायद्यानं सांगितलं, ते मुळात दुसऱ्यासाठीच बनलेलं आहे.

मोटार वाहन कायद्याच्या १२९व्या कलमात हेल्मेट सक्तीचं आहे ते फक्त मोटरसायकल वर्गातल्या वाहनांना. सायकल हे मोटार वाहनच नव्हे. २५० वॉटपेक्षा कमी ताकदीच्या आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत चालणाऱ्या बॅटरीच्या गाड्याही ठरावीक अटींवर त्या व्याख्येबाहेर राहतात. म्हणजे साध्या सायकलवाल्यानं उघड्या डोक्यानं जाणं बेकायदा नाही. मग ते शहाणपणाचं आहे का, हा एक प्रश्न. आणि तसं जाणाऱ्याला दंड करावा का, हा दुसरा. वादात या दोन्ही प्रश्नांची गाठ नेहमी एकत्र मारली जाते आणि मग ती कुणालाच सुटत नाही.

आधी पहिला प्रश्न. सायकलच्या हेल्मेटमधला मुख्य ऐवज म्हणजे थर्माकोल. वरचं चकचकीत कवच पातळ असतं, काम करतो तो आतला जाड थर. आंबा फरशीवर पडला तर फुटतो आणि आढीच्या गवतावर पडला तर वाचतो, तेच इथे घडतं. डोकं जमिनीवर आपटताना थर्माकोल चिरडला जातो, डोकं थांबायला काही मिलीसेकंद जास्त मिळतात आणि मेंदूला बसणारा हिसका कमी होतो. चिरडलेला थर्माकोल पुन्हा फुगत नाही. म्हणून एकदा जोराचा फटका खाल्लेलं हेल्मेट बाहेरून कितीही धड दिसलं तरी टाकून द्यायचं असतं. आपल्याकडे हे जिवावर येतं. तुटलेली छत्रीसुद्धा आपण माळ्यावर जपून ठेवणारी माणसं.

युरोपातल्या ईएन १०७८ या मानकाच्या चाचणीत हेल्मेट साधारण दीड मीटर उंचीवरून सपाट पोलादावर पाडतात, तेव्हा आपटण्याचा वेग ताशी साडेएकोणीस किलोमीटरच्या आसपास असतो. म्हणजे ही वस्तू घडवली आहे ती माणूस सायकलवरून आपला आपण पडला तर, या हिशेबानं. खड्डा, ओली खडी, अचानक आडवी आलेली गाय, उभ्या रिक्षाचं उघडलेलं दार. मागून भरधाव येणाऱ्या डंपरचा हिशेब त्यात नाही, आणि असूही शकत नाही.

पडल्यावर हेल्मेटचा उपयोग होतो, याबद्दल मला तरी शंका उरलेली नाही. १९८९ मध्ये सिएटलच्या डॉक्टरांनी डोक्याच्या दुखापतीचा धोका ८५ टक्क्यांनी कमी होतो असं मांडलं होतं. तो आकडा पुढच्या अभ्यासांत इतका वर टिकला नाही. २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ऑलिव्हिए आणि क्राइटन यांनी ४० अभ्यास एकत्र केले, ६४ हजारांहून अधिक जखमी सायकलस्वारांची माहिती त्यात होती. हेल्मेट घातलेल्यांत डोक्याच्या गंभीर दुखापतीची शक्यता ६९ टक्क्यांनी कमी निघाली. हा आकडा अपघात झालेल्या माणसांचा आहे. अपघात टळतो का, याचं उत्तर त्यात शोधू नये.

त्या बाबतीत एक मजेशीर प्रयोग इंग्लंडमध्ये झाला. बाथ विद्यापीठातल्या इयन वॉकर या मानसशास्त्रज्ञानं सायकलला अंतर मोजणारं यंत्र लावलं आणि कधी हेल्मेट घालून, कधी बोडक्या डोक्यानं रस्त्यावर फिरला. २००७ मध्ये छापलेला निष्कर्ष असा, की हेल्मेट दिसलं की मोटारवाले सरासरी साडेआठ सेंटिमीटर जवळून जातात. बायकी केसांचा टोप चढवला तेव्हा मात्र त्याला जास्त जागा मिळाली. या प्रयोगात त्याला दोनदा वाहनांनी उडवलं, दोन्ही वेळा हेल्मेट डोक्यावर होतं. पुढे २०१३ मध्ये ऑलिव्हिए आणि वॉल्टर यांनी त्याचेच आकडे पुन्हा तपासले आणि हेल्मेटचा परिणाम सांगण्याजोगा नाही, असं म्हटलं. लहरीपुऱ्यात तर हा वादच गैरलागू आहे. इथे साडेआठ सेंटिमीटर म्हणजे ऐसपैस जागा समजतात.

आता सक्ती. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यानं १ जुलै १९९० पासून सगळ्या सायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. वर्षभरात वापर ३१ टक्क्यांवरून ७५ टक्क्यांवर गेला. डोक्याच्या दुखापती घटल्या. पण त्याच काळात शाळकरी पोरांनी सायकली चालवणंही बरंच कमी केलं, आणि मग घट हेल्मेटमुळे की सायकली कमी झाल्यामुळे, यावर आज पस्तीस वर्षं भांडण चालू आहे. उलट टोकाला नेदरलँड्स. तिथे आजीपासून नातवापर्यंत सगळे सायकलवर आणि रोजच्या फिरण्यात हेल्मेट जवळपास कुणाच्याच डोक्यावर नाही. त्यांची भिस्त वेगळ्या सायकलमार्गांवर आणि मोटारींच्या आवरलेल्या वेगावर आहे.

पण आपल्यासाठी बोलकी हकिगत सिएटलची आहे, जिथून तो ८५ टक्क्यांचा आकडा निघाला होता. तिथल्या किंग काउंटीत १९९३ पासून सायकल-हेल्मेट सक्तीचं होतं. तो कायदा फेब्रुवारी २०२२ मध्ये आरोग्य मंडळानंच रद्द केला. हेल्मेट निरुपयोगी ठरलं म्हणून नव्हे. ते घालाच, असं मंडळ तेव्हाही म्हणत होतं. अडचण दंडाच्या पावत्यांत होती. पत्रकारांनी नोंदी काढून पाहिल्या तेव्हा काही वर्षांतल्या जवळपास निम्म्या पावत्या बेघर माणसांच्या नावावर निघाल्या. काळ्या सायकलस्वारांनाही प्रमाणाबाहेर अडवलं गेलं होतं.

बडोद्यात वाहतुकीच्या दंडाला ‘मेमो’ म्हणतात. मेमो फाटला, मेमो घरी आला. उद्या सायकलला हेल्मेट सक्तीचं झालं तर तो कुणाच्या नावानं फाटेल, हे सांगायला ज्योतिषी नको. शहरात दोन तऱ्हांचे सायकलस्वार आहेत. एक पहाटे शहराबाहेर आजव्याला किंवा सिंधरोटला जाणारे, गियरची सायकल, अंगाबरोबर बसणारे कपडे. त्यांच्या डोक्यावर हेल्मेट सक्तीविनाच असतं, कारण सायकलच्या किमतीपुढे हेल्मेटची किंमत किरकोळ. दुसरे रात्रपाळी संपवून निघालेले पहारेकरी, कॅरिअरवर गाठोडं बांधलेले कारागीर, हँडलला डबा अडकवलेले दुकानातले नोकर. त्यांच्या सायकलच्या किमतीचा चांगला मोठा हिस्सा एका बऱ्या हेल्मेटलाच जाईल. मेमो या दुसऱ्यांचा फाटणार. आणि एकदा फाटला, की ते हेल्मेट विकत घेणार नाहीत. हप्त्यावर जुनी मोपेड घेतील.

सक्तीचं आपल्याकडे काय होतं, हे गुजरातनं २०१९ मध्ये पाहिलं. तेही दुचाकीच्या बाबतीत, जिथे वेग आणि धोका दोन्ही जास्त आणि सक्तीची बाजू कितीतरी भक्कम. केंद्रानं हजार रुपये केलेला दंड सप्टेंबरमध्ये राज्यानं पाचशेवर आणला. डिसेंबरमध्ये तर शहरांच्या हद्दीत हेल्मेट ऐच्छिक असल्याचं सरकारनं जाहीर केलं. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि ती सवलत टिकली नाही. त्याच वर्षाच्या सुरुवातीला पुण्यात हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चे निघाले होते. बडोद्याच्या मराठी माणसाला पुणेकरांची थट्टा करायला आवडतं, पण त्या वर्षी आम्हाला हसायची सोय राहिली नाही.

दुचाकीवाल्यांचं हे आंदोलन आणि सायकलवाल्याचा प्रश्न एकाच पारड्यात घालू नयेत. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यांत हेल्मेट न घातलेले दुचाकीवरचे ५०,०२९ होते. सायकलस्वार सुमारे तीन टक्के. दुचाकीवाला स्वतः वेगात असतो, तिथे त्याला कान धरून हेल्मेट घालायला लावणं मला पटतं. सायकलवाल्याला धोका मुख्यतः दुसऱ्याच्या वेगाचा. त्याच्या डोक्यावर थर्माकोल ठेवून तो वेग कमी होत नाही.

सायकलवाल्याला शिस्त लावायला आपल्याकडे पूर्वी कुणी लाजत नसे. नगरपालिकेचा बिल्ला लागे. रात्री दिवा नसला की हवालदार थांबवी. डबलसीट दिसलं की उतरवी. त्या दिव्याच्या नियमाला अर्थ होता, कारण दिव्यामुळे सायकल दुसऱ्याला दिसते आणि धडकच टळते. आज मांडवीच्या रस्त्यावर अंधार पडल्यावर किती सायकलींना मागे लाल दिवा दिसतो ते मोजा. डायनॅमो गेला, त्याच्या जागी काही आलं नाही. पालिकेला खर्च करायचाच असेल तर मागच्या मडगार्डला चिकटवायच्या चमकत्या लाल पट्ट्या फुकट वाटाव्यात. पैशांत होणारं काम आहे. आणि सरकारी योजनेतून नववीतल्या मुलींना ज्या सायकली मिळतात, त्यांच्याबरोबर हेल्मेटही द्यावं. द्यावं म्हणतोय, विसरली तर शाळेबाहेर उभं करावं असं नव्हे.

माझं म्हणाल तर आजव्याला निघताना मी हेल्मेट घालतो. भुवईच्या वर दोन बोटं, हनुवटीखाली पट्टा घट्ट, सगळं शास्त्राप्रमाणे. दांडिया बाजारातून लहरीपुऱ्याला भाजी आणायला जाताना मात्र ते खुंटीवरच राहतं. एकदा बायकोच्या आग्रहानं घातलं, तर दरवाज्यापाशी ओळखीच्या भाजीवाल्यानं विचारलं, “काका, आज कुठली लढाई?” परतताना ते मी हँडलला अडकवलं होतं आणि त्यात अर्धा किलो मेथी होती.