स्वस्त डीव्हीडी प्लेयर : पारख आणि निगा

थोड्या पैशांत घेतलेल्या वस्तूविषयीं आपल्याकडे दोन टोकांचीं मतें ऐकूं येतात. एक म्हणतो, ‘स्वस्त तें टाकाऊ’. दुसरा म्हणतो, ‘काम भागल्याशीं कारण, अधिक पैसे कशाला ओतावे?’ दोघेहि वस्तूकडे न पाहतां तिच्या किंमतीकडे पाहून बोलत असतात. वस्तु स्वस्त कशामुळें झाली, करणारानें कोणत्या भागांत काटकसर केली, आणि त्या काटकसरीनें आपल्या कामास बाध येतो कीं नाहीं, एवढे तीन प्रश्न जो विचारील त्यासच खरी पारख साधेल. घरगुती डीव्हीडी प्लेयर हें उदाहरण घेऊन ही पारख कशी करावी तें येथें पाहूं.

हें यंत्र आतां मागें पडलें, मग त्याची चर्चा कशाला, असें कोणी म्हणेल. अमेरिकेंत टपालानें तबकड्या पाठवून नांवारूपास आलेल्या नेटफ्लिक्स कंपनीनें तो व्यवहार २०२३ सालीं बंद केला, हें खरें आहे. परंतु आपापल्या घरचें कपाट उघडून पाहावें. आत्याचें लग्न, आजोबांची पंचाहत्तरी, शाळेचें स्नेहसंमेलन, गांवच्या जत्रेंतील भजन, असे कितीतरी प्रसंग एके काळीं छायाचित्रकारांनीं तबकडीवरच भरून दिले. ज्यांचा आवाज आतां दुसरीकडे कोठेंहि उरला नाहीं अशीं माणसें त्या तबकड्यांत बोलत आहेत. तबकडी आहे पण ती वाचणारें यंत्र नाहीं, अशा घराची स्थिति वडिलांचें पत्र हातांत असून लिपि न येणाऱ्या मुलासारखी होते. म्हणून या यंत्राची माहिती अजून निरुपयोगी झालेली नाहीं.

प्रथम यंत्राचें काम समजून घेऊं. डीव्हीडी ही पद्धति १९९६ च्या नोव्हेंबरांत जपानांत व १९९७ च्या मार्चांत अमेरिकेंत विक्रीस आली. हिची तबकडी १२ सेंटिमीटर व्यासाची आणि १.२ मिलिमीटर जाडीची असते. ती एकसंध दिसली तरी ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या एकमेकींस चिकटवून केलेली असते. तिच्या पोटांत नागमोड वेटोळ्याप्रमाणें एकच लांबच लांब ओळ असून तींत असंख्य सूक्ष्म खळगे असतात. ग्रामोफोनची सुई कडेकडून मध्याकडे जाते. येथें वाचन मध्याकडून कडेकडे होतें, आणि सुईऐवजीं तांबड्या लेसर किरणाचा बिंदु ओळीवरून फिरतो. खळगा आणि सपाटी यांवरून परतणारा प्रकाश कमीजास्त होतो. तो बदल टिपून यंत्र शून्य व एक या दोन अंकांची मालिका तयार करतें आणि तिच्यांतून चित्र व ध्वनि पुन्हां उभे करतें.

या ओळींची दाटी मनांत आणून पाहावी. शेजारच्या दोन वेटोळ्यांतील अंतर ०.७४ मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरांत तेराशेंहून अधिक ओळी! साध्या सीडीवर हें अंतर १.६ मायक्रॉन असतें. या दाटीमुळेंच सीडीवर सुमारें ७०० मेगाबाइट माहिती मावते, तर डीव्हीडीच्या एका थरांत ४.७ व दोन थरांत ८.५ गिगाबाइट. किरणाखालून ओळ सारख्याच वेगानें सरकावी यासाठीं तबकडी मध्याजवळ वाचतांना मिनिटास सुमारें १,४०० फेरे घेते व कडेशीं येतां येतां सुमारें ५७० वर उतरते. इतकें नाजूक काम करणारें भिंग व त्याला हलविणारें वेटोळें ज्या यंत्रांत असतें, तें कांहीं शें रुपयांना मिळूं लागलें, ही खरोखर नवलाची गोष्ट आहे.

एवढ्या बारीक लिखाणावर एखादा ओरखडा पडला तर सर्व नष्ट होत नाहीं काय? याचें उत्तर गणितांत आहे. वर्गशिक्षकांच्या गुणपत्रकाची कल्पना करा. प्रत्येक विद्यार्थ्याची आडवी बेरीज आणि प्रत्येक विषयाची उभी बेरीज लिहिलेली असेल, तर मधला एखादा आंकडा शाईनें बुजला तरी बेरजांवरून तो पुन्हां काढतां येतो. तबकडीवर मूळ माहितीबरोबर असे पडताळ्याचे अंक आडवे व उभे भरलेले असतात. ही रीति आयर्व्हिंग रीड आणि गुस्टाव्ह सॉलोमन या दोन गणितज्ञांनीं १९६० सालीं प्रसिद्ध केली. तिच्या बळावर ओळीच्या दिशेनें सुमारें सहा मिलिमीटरपर्यंतचें नुकसान यंत्र मनांतल्या मनांत भरून काढतें आणि पाहणारास त्याचा पत्ताहि लागत नाहीं. तबकडी पुसतांना फडकें मध्यापासून कडेकडे सरळ न्यावें, गोल फिरवूं नये, असें सांगतात त्याचें कारण हेंच. आडवा ओरखडा प्रत्येक ओळीचा थोडाच भाग बिघडवितो. गोल ओरखडा एकाच ओळीचा लांब भाग खातो, आणि मग पडताळ्याचे अंक अपुरे पडतात.

आतां स्वस्त यंत्रांत काटकसर कोठें होते तें पाहूं. चित्र उलगडण्याचें मुख्य काम एक लहानशी चिप करते. अशा चिपा प्रचंड संख्येनें निघाल्यामुळें त्या स्वस्त झाल्या, आणि साध्या यंत्रांतील चिपहि आपलें काम नीट करते. म्हणून चांगल्या तबकडीचें चित्र महाग व स्वस्त यंत्रांवर शेजारीं शेजारीं पाहिलें तर फरक किंमतीच्या मानानें फारच थोडा आढळतो. काटकसर होते ती न दिसणाऱ्या ठिकाणीं: वीज पुरविणाऱ्या भागांत, तबक आंतबाहेर करणाऱ्या प्लास्टिकच्या दांतेरी चाकांत, भिंगाच्या जोडणींत, मागच्या खोबण्यांत आणि रिमोटच्या बटणांत. सारांश, स्वस्त यंत्र पहिल्या दिवशीं चांगलेंच दिसतें. प्रश्न असतो तो तें तिसऱ्या वर्षीं कसें चालेल याचा. आपल्याकडे विजेचा दाब वरखालीं होतो, आणि भारनियमनाच्या काळांत ती दिवसांतून अनेकदां जात-येत असे. अशा ठिकाणीं भिंगाच्या आधीं वीज पुरविणारा भागच पुष्कळदां दगा देतो.

खोक्यावरील मोठ्या अक्षरांना भुलूं नये. ‘१०८०पर्यंत चित्र वाढविणारें यंत्र’ अशी जाहिरात पुष्कळ यंत्रांवर असते. आपल्याकडील डीव्हीडीच्या चित्रांत सामान्यतः ७२० गुणिलें ५७६, म्हणजे ४,१४,७२० बिंदु असतात. मोठ्या पडद्याचे १,९२० गुणिलें १,०८० म्हणजे २०,७३,६०० बिंदु भरावयाचे तर ते बरोबर पांचपट होतात. अधिक चारपट बिंदु तबकडीवर नसतातच. शेजारच्या बिंदूंवरून अंदाजानें ते भरले जातात. हा अंदाज चांगला असला तर चित्र गुळगुळीत दिसतें, परंतु जें टिपलेंच नाहीं तें कोणतेंहि यंत्र दाखवूं शकत नाहीं. यापेक्षां जुन्या व्हीसीडी, घरीं भरलेल्या तबकड्या आणि गाण्यांच्या सीडी यंत्र वाचतें कीं नाहीं, हा प्रश्न आपल्या घरांना अधिक महत्त्वाचा आहे. व्हीसीडीचें चित्र ३५२ गुणिलें २८८ बिंदूंचें, म्हणजे डीव्हीडीच्या सुमारें चौथ्या हिश्शाचें असतें. तें पुसट दिसल्यास दोष यंत्राला देऊं नये.

ज्यांचे आप्त परदेशीं आहेत त्यांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. चित्रपटांच्या डीव्हीडीसाठीं जगाचे विभाग पाडलेले आहेत. भारत पांचव्या व अमेरिका पहिल्या विभागांत येतो. तिकडून काकांनीं प्रेमानें आणलेली तबकडी येथील यंत्रानें नाकारली तर ती खराबच आहे असें समजूं नये. तिच्यावरील विभागाचा अंक प्रथम पाहावा.

खरेदीपूर्वीं घरच्या टीव्हीची मागची बाजू पाहून घ्यावी. जुन्या टीव्हीला पिवळी, तांबडी व पांढरी अशा तीन खोबण्या असतात. कित्येक नव्या टीव्हींना केवळ एचडीएमआय असते. दोहोंचा मेळ नसेल तर उत्तम यंत्रहि घरांत शोभेपुरतें राहील.

दुकानांत जातांना आपल्याच तबकड्या बरोबर न्याव्या. दुकानदाराची चकचकीत तबकडी सर्वच यंत्रांवर सुरेख चालते. तिच्यावरून कांहींहि ठरत नाहीं. एक जुनी ओरखडलेली, एक घरीं भरलेली, एक व्हीसीडी व एक लांब चित्रपटाची अशा चार पुरेत. काळोखांतील प्रसंग लावून चित्रांत चौकोनी ठिपके उठतात कां पाहावें. माणसांचे चेहरे लांबट किंवा पसरट दिसले तर पडद्याच्या आकाराची योजना बदलून पाहावी. पुष्कळदां तेवढ्यानेंच ते सुधारतात. स्तब्ध प्रसंगीं यंत्राची घरघर ऐकूं येते काय, ओठ आणि शब्द यांची सांगड बसते काय, वीज जाऊन आली तर चित्रपट सोडल्या जागीं पुन्हां लागतो काय, हें तपासावें. लांब चित्रपटांत दुसऱ्या थरावर जातांना चित्र क्षणभर अडखळतें, तो दोष नव्हे. मात्र तेथेंच यंत्र थांबून राहिलें तर तें घेऊं नये. वापरलेलें यंत्र घेणारानें तें तासभर चालवून मगच पैसे मोजावे, कारण कांहीं दोष यंत्र तापल्यावरच प्रकट होतात.

घरीं आणल्यावर निगा सोपी आहे. यंत्रावर टीव्हीचा किंवा दुसऱ्या कशाचा भार ठेवूं नये, त्याचीं हवेचीं छिद्रें रुमालानें झांकूं नयेत, आणि काम संपल्यावर भिंतीवरील बटण बंद करावें. तबकडी न वाचल्यास प्रथम तबकडी पुसावी, मग दुसरी लावून पाहावी. दुसरी चालली तर दोष यंत्राचा नव्हे. विद्यार्थ्यांनीं एक गोष्ट विसरूं नये. कुतूहल चांगलें, परंतु यंत्राचें झांकण मुलांनीं स्वतः उघडूं नये. आंत विजेचा प्राणघातक दाब असतो आणि लेसर किरण डोळ्यांना अपाय करूं शकतो.

शेवटीं पालकांस एक विनंति. कारखान्यांत छापलेल्या तबकडींत खळगे असतात, ते टिकतात; परंतु छायाचित्रकारानें भरून दिलेल्या तबकडींत खळगे नसून रंगाच्या थरावर उमटविलेल्या खुणा असतात. ऊन, उष्णता व काळ यांनीं तो रंग फिका पडतो, आणि एका दिवशीं पडताळ्याचे अंकहि हात टेकतात. तेव्हां स्वस्त यंत्र घेऊन ठेवण्यांतच समाधान मानूं नये. तें चालत आहे आणि तबकडी वाचली जात आहे, तोंवर घरच्या प्रसंगांच्या प्रती संगणकावर व आणखी एका वेगळ्या ठिकाणीं करून ठेवाव्या, आणि प्रत्येकीवर प्रसंग, साल व माणसांचीं नांवें लिहावीं. हें काम मोठीं मुलें सुटींत सहज करूं शकतील, आणि नांवें सांगावयास आजीला शेजारीं बसवितील तर त्यांना घरचा इतिहासहि कळेल. यंत्राची किंमत दुकानदार सांगेल. परंतु त्यावर लागणाऱ्या तबकडीची किंमत घरच्या माणसांनींच ओळखावयाची असते.