पोरगी कुणाच्या भरवशावर ठेवायची?

मुलगी वाढताना : लेखांक ६

मागच्या लेखात घरकामाच्या वाटणीबद्दल लिहिलं होतं. २०१९च्या राष्ट्रीय कालवापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणारी ग्रामीण बाई त्यात दिवसाचे साधारण पाच तास घालवते. पुरुषांमध्ये असं काम करणारे मुळात थोडे, आणि त्यांचा वेळ दीड तासाच्या थोडासाच पुढे जातो. असे आकडे समोर आले की मानसिकता बदलली पाहिजे, असं म्हणून आपण मोकळे होतो. पण मानसिकता हवेवर जगत नाही. तिला रोजचं खाद्य कुठून मिळतं, हे पाहायचं तर बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कुटुंबांकडे जावं लागेल.

दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळ्या निघतात. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. मुकादम जी उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, देतो ती एकट्या माणसाला नसते, जोडप्याला असते. नवराबायको मिळून एक कोयता. नवरा ऊस तोडतो, बायको पाचट काढते, मोळ्या बांधते आणि डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता, आणि उचलही तशीच निम्मी. म्हणजे लग्न झालेलं असणं हीच या कामाची पात्रता. जिथे तरुणाला पुरी उचल हवी तर बायको लागते, तिथे सोळा वर्षांच्या मुलीचं स्थळ लवकर ठरतं, यात नवल काय?

हा झाला मुलाकडचा हिशेब. मुलीच्या आईबापाचा हिशेब वेगळा आहे आणि मला तो जास्त अस्वस्थ करतो. टोळी पाच-सहा महिने गावाबाहेर राहणार. मुलगा असेल तर तो म्हाताऱ्या आजीजवळ राहतो, शाळेत जातो, संध्याकाळी पारावर बसतो. त्याची फारशी चिंता कुणी करत नाही. मुलगी मात्र वयात आली की तोच प्रश्न प्रत्येक घरात येतो : “पोरगी कुणाच्या भरवशावर ठेवायची?” सोबत न्यायची तर फडाजवळच्या कोपीला, म्हणजे झोपडीला, धड दार नाही, न्हाणीला आडोसा नाही. आईबाप पहाटेच फडावर गेलेले. भाकरी थापणं, पाणी आणणं, धाकट्याला सांभाळणं तिच्याकडे. शाळा सुटते ती तिथेच. काही बरंवाईट झालं तर बोल मुलीलाच लागणार, हे आईला पक्कं ठाऊक असतं. मग “हात पिवळे करून टाकू, जबाबदारी संपेल” हा तिला सगळ्यांत सुरक्षित मार्ग वाटतो. त्यात वय वाढलं की हुंडा वाढतो, आणि मुलगी बारावी शिकली की नवरा त्याहून शिकलेला शोधावा लागतो.

या आईबापांना अडाणी, निर्दयी म्हणणं मला मान्य नाही. मुलगी म्हणजे परक्याचं धन, तिची अब्रू म्हणजे घराची अब्रू, हे समज त्यांनी एकट्यांनी घडवलेले नाहीत. गावातल्या सुखवस्तू घरांतही ते तितकेच घट्ट आहेत. फरक एवढाच की त्या घरातली मुलगी बंदोबस्तात का होईना, शिकत राहते. ऊसतोड कामगाराकडे बंदोबस्त करायला ना घर आहे, ना माणूस.

परिणाम मोजलेला आहे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी अठरा वर्षांआधी लग्न झालेल्या महाराष्ट्रात सुमारे २२ टक्के होत्या. बीडमध्ये सुमारे ४४ टक्के, आणि शेजारच्या परभणीत ४८. लवकर लग्न, लागोपाठ बाळंतपणं, बाळंतपणानंतर लगेच मोळ्या वाहणं. दुखणं अंगावर काढायचं, कारण एक दिवस बसलं तरी खाडा, म्हणजे दंड, पडतो. २०१९मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे बीडमधल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची पाहणी आली. त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. म्हणजे दर सहा जणींमागे एक. मुलं झाली, आता पिशवीचं काय काम, असं बाईला सांगितलं जातं आणि तिलाही ते पटतं. बाईचं शरीर मूल जन्माला घालण्यापुरतं आणि कामापुरतं, हा समज इथे थेट शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत पोहोचतो.

कायदा आहे. बालविवाह प्रतिबंधक अधिनियम २००६चा. गावात तो राबवण्याची जबाबदारी ग्रामसेवकावर आहे, १०९८ वर कुणालाही फोन करता येतो, आणि अशा फोनमुळे लग्नं थांबलीही आहेत. पण थांबलेल्या लग्नानंतर टोळी निघतेच, आणि मुलगी कुठे राहणार हा प्रश्न तसाच उरतो. ग्रामसेवक मांडवातून परत गेल्यावर त्या आईला उत्तर कोण देणार?

म्हणून मला वसतिगृह हा या सगळ्यातला कळीचा मुद्दा वाटतो. राज्य सरकारने २०२१मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना मंजूर केली, मुलींसाठी वेगळ्या वसतिगृहांसह. दिशा योग्य आहे. पण नुसती इमारत पुरत नाही. रात्री मुक्कामाला बाई अधीक्षक हवी, दाराला कडी हवी, मुलीला आईशी फोनवर रोज बोलता यायला हवं, आणि प्रवेश उचल वाटली जाण्याआधी, म्हणजे पावसाळ्यातच, पक्का व्हायला हवा. उचल घेतानाच आईबाप मुलीचं काय करायचं ते ठरवतात. दिवाळीनंतर मिळालेली जागा तिच्या उपयोगाची नसते. तोवर तिचं लग्न ठरलेलं असतं, नाहीतर ती कोपीत चुलीपुढे बसलेली असते.

ज्या मुली अशा वसतिगृहांत राहून दहावीपर्यंत पोहोचतात, त्यांना पुढे कोणती आडकाठी येते, ते पुढच्या आठवड्यात पाहू.