हॉलीला फळ का धरत नाही?

नाताळच्या केकवर काटेरी हिरवी पानं आणि त्यांच्या मध्ये दोन-तीन लाल मणी खोचलेले असतात. आपल्याकडे ते बहुधा प्लास्टिकचे. ब्रिटनमध्ये मात्र ती खरी हॉली असते, परसातल्या झाडावरून तोडून आणलेली. वूस्टरशरमधल्या टेनबरी वेल्स या लहानशा गावात नाताळाआधी हॉलीच्या मोळ्यांचे लिलाव होतात, आणि व्यापाऱ्यांची नजर असते ती फळांनी लगडलेल्या मोळीवर.

नेमकं तिथंच घरच्या बागेतलं गणित चुकतं. झाड हिरवंगार वाढतं, पानं चकाकतात, पण वर्षानुवर्षं एकही फळ धरत नाही. खतात किंवा मातीत दोष नसतो. हॉलीत नर आणि मादी झाडं वेगळी असतात, आणि फळ येतं फक्त मादीला. पपई लावणाऱ्याला हे समजावून सांगायला नको.

ओळख पटते ती फुलावरून. मे-जूनमध्ये पानांच्या बगलेत नखाएवढी, चार पाकळ्यांची पांढरी फुलं झुबक्यांनी येतात. भिंगाखाली नर फुलात परागांनी भरलेले चार पुंकेसर दिसतात आणि मध्यभागी स्त्रीकेसराचा नुसता अवशेष. मादी फुलात मधोमध टपोरा हिरवा बीजकोश असतो. भोवती चार पुंकेसर तिथंही असतात, पण त्यांचे परागकोश सुकलेले, आत एकही परागकण नाही.

हे बारकावे चार्ल्स डार्विननं 1859च्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’मध्ये नोंदवले आहेत. त्याला एक मादी हॉली सापडली. जवळचं नरझाड 60 यार्डांवर, म्हणजे सुमारे 55 मीटरवर होतं. त्यानं तिच्या वेगवेगळ्या फांद्यांवरची 20 फुलं घेऊन त्यांची कुक्षी सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. प्रत्येकीवर परागकण होते. वारा कित्येक दिवस उलट्या दिशेनं, मादीकडून नराकडे वाहत होता. हवाही थंड आणि वादळी, मधमाश्यांना न मानवणारी. तरीही पराग पोचवण्याचं काम मधमाश्यांनीच केलं होतं. म्हणून छोट्या बागेत दोन झाडं लावायलाच हवीत असं नाही. शेजारच्या आवारात नर हॉली असली तरी भागतं.

रोपवाटिकेत मात्र नावावर जाऊ नये. ‘गोल्डन किंग’ हा वाण मादी आहे आणि ‘सिल्व्हर क्वीन’ नर! एकाच झाडाची जागा असेल तर ‘जे. सी. व्हान टोल’ घ्यावा. तो नराशिवायही फळतो, आणि त्याच्या पानांना काटेही मोजकेच असतात.

हॉलीला पाण्याचा निचरा होणारी, पण ओल धरणारी जमीन लागते. सावली ती सोसते. भरघोस फळं हवी असतील तर ऊन हवं. मुळं हलवलेली तिला अजिबात खपत नाहीत, त्यामुळे जागा आधीच नीट ठरवावी. फुलं आदल्या वर्षीच्या फुटव्यावर येतात. सरसकट छाटणीत पुढच्या हंगामाची फळंच कापली जातात, म्हणून चापूनचोपून छाटलेल्या कुंपणावर ती कमी दिसतात.

कुंपण म्हणून मात्र हॉलीला तोड नाही. सतराव्या शतकात जॉन इव्हलिननं लंडनजवळ डेप्टफर्डला 400 फूट लांब, 9 फूट उंच आणि 5 फूट जाड हॉलीचं कुंपण वाढवलं होतं. 1698मध्ये रशियाचा झार पीटर त्याच्या घरी उतरला आणि ढकलगाडीत बसून या कुंपणात घुसण्याचा खेळ खेळला, असं सांगतात.

काट्यांची गोष्ट तर याहून रंजक आहे. एकाच झाडावर काटेरी आणि गुळगुळीत कडांची, अशी दोन्ही पानं असतात. काटेरी पानं बहुधा खाली, जनावरांचं तोंड पोचतं तिथं. कार्लोस हेरेरा आणि पिलार बझागा या स्पॅनिश संशोधकांनी 2013मध्ये दोन्ही पानांचा डीएनए तपासला. काटेरी पानांत डीएनएला चिकटलेले मिथाइल गट कमी आढळले. हे गट जनुकांचं काम चालू-बंद करण्यात भाग घेतात. म्हणजे जनुकांचा मजकूर न बदलता झाड खाल्ल्या गेलेल्या फांदीवर काटेरी पानं काढत असावं.

फळं माणसांसाठी नाहीत. खाल्ली तर उलट्या-जुलाब होतात, म्हणून लहान मुलं आणि कुत्र्यांना जपावं. पक्ष्यांना मात्र ती मानवतात. कस्तूर कुळातला मिसल थ्रश एखादं फळांनी भरलेलं झाड निवडतो आणि इतर पक्ष्यांना हुसकावत हिवाळाभर राखतो.

पक्ष्यांमार्फत बी दूरवर पडतं, पण रुजायला दोन-तीन वर्षंही घेतं. रोप नर की मादी हे पहिलं फूल येईपर्यंत कळत नाही. फळांसाठी हॉली हवी असेल तर उन्हाळ्याच्या शेवटी फळणाऱ्या मादीचीच अर्धवट पिकलेली फांदी घेऊन छाटकलम करावं. ते मादीच निघतं.